देवाचे पाचारण कसे ओळखावे? पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) दीक्षा घ्यावी की नोकरीत राहून सेवा करावी?

टंचाई शाखा (प्रश्नकर्ता)

सर्वांना सलाम.

मी नगर जिल्ह्यातील एका पंचायत समितीच्या पाणीपुरवठा शाखेत कनिष्ठ सहायक आहे. माझे वय 36 आहे, पत्नी खासगी शाळेत शिकवते आणि मुलगी तिसरीत आहे. आमची मंडळी (चर्च) सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असून आमचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती आहे. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी बारा वर्षे शब्बाथ शाळा (मुलांचे रविवारचे धर्मशिक्षण) घेत आहे आणि पाळकसाहेब दुसऱ्या गावच्या मंडळीकडे गेले की त्या रविवारची उपासनाही बहुधा मीच चालवतो.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी पाचवा, म्हणजे ‘मला तहान लागली आहे’ हा माझ्या वाट्याला आला. तयारी करताना टीकाग्रंथ वाचले, पण उभा राहिलो तेव्हा बोललो ते पाण्याच्या टँकरबद्दल. मागच्या उन्हाळ्यात खेपांची नोंदवही तपासायला एका वाडीवर गेलो असताना, वहीत अंगठा उठवण्यापूर्वी एक बाई म्हणाली होती, “साहेब, तुमच्या वहीत तीन खेपा आहेत, आमच्या पिंपात दोनच आहेत.” मी त्या दिवशी ती तिसरी खेप खोडली आणि त्यानंतर आठ दिवस कार्यालयात माझ्याशी कोणी धड बोलले नाही. एवढेच मी सांगितले, आणि स्पंजभर आंब (आंबट द्राक्षारस) देऊन ज्यांनी त्या तहानेची बोळवण केली त्यांच्यात मी किती वेळा उभा असतो, ते सांगितले. उपासनेनंतर मंडळीतील एका वृद्ध आजींनी माझा हात धरून म्हटले, “बाळा, तू पाळक हो.” पुढच्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी विचारले की सेमिनरीचा (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा) विचार कधी मनात आला आहे का.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. हे देवाचे पाचारण आहे की कौतुकाने चढलेली धुंदी, हे मला ठरवता येत नाही. खरे सांगायचे तर कार्यालयाचा मला उबग आलेला आहे, आणि त्यामुळे सेमिनरी ही माझी पळवाट तर नाही ना, अशीही शंका येते. पत्नीशी बोललो तेव्हा ती ‘तुम्ही ठरवा’ एवढेच म्हणाली, आणि तिचे ते म्हणणे मला होकारापेक्षा नकाराच्या जवळचे वाटले. ज्यांनी दीक्षा घेतली आहे, ज्यांनी न घेता सेवा केली आहे, आणि ज्यांनी विचार करून नको म्हटले आहे, अशा सर्वांकडून ऐकायला आवडेल.

निवृत्त पाळक

प्रिय बंधू, सलाम.

एकतीस वर्षे पाळकाचे काम करून मी आता घरी बसलो आहे, त्यामुळे थोडे लांबण लागले तर क्षमा करावी. तुम्ही स्वतःवर शंका घेत आहात ही चांगली गोष्ट आहे. माझ्याकडे आलेल्या ज्या तरुणांना कसलीच शंका नव्हती, त्यांची मला अधिक काळजी वाटत असे.

देवाने रात्री हाक मारलेल्या बायबलमधील बाल शमुवेलाची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो, परंतु ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ या वाक्यावर आपण इतक्या लवकर पोहोचतो की त्याआधी काय घडले ते निसटते. तो मुलगा तीन वेळा उठून चुकीच्या माणसाकडे धावला. आवाज देवाचा होता, पण तो देवाचा आहे हे त्याला कळले नाही. ते ओळखले एलीने, आणि एली तर दृष्टी मंदावलेला, स्वतःचे मुलगे हाताबाहेर गेलेला, फारसा आदर्श नसलेला याजक होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातही बर्णबा आणि शौल यांना वेगळे करण्याची आज्ञा अंत्युखियाची मंडळी उपासना व उपवास करीत असताना झाली, आणि त्यांच्यावर हात ठेवून त्यांना मंडळीनेच रवाना केले. पाचारणाचा अर्धा भाग माणसाच्या अंतःकरणात असतो आणि अर्धा मंडळीच्या हातात. म्हणून ते तुम्हाला एकट्याने उशाशी दिवा लावून ठरवायचे नाही.

आपल्याकडची पद्धतही याच समजुतीवर उभी आहे. उमेदवाराची शिफारस प्रथम त्याच्या मंडळीच्या पास्टरेट कमिटीने करावयाची, मग धर्मप्रांताच्या पातळीवर मुलाखती होतात, बिशप स्वतः भेटतात, त्यानंतर सेमिनरी, त्यानंतर डीकन (पाळकाच्या आधीची पायरी) म्हणून दीक्षा, आणि तो काळ नीट गेला तर पुढे पाळकाची पूर्ण दीक्षा. वयाची अट, पदवीची अट, कुटुंबाची व्यवस्था यांचे नियम आपल्याच धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारून घ्यावेत, कारण शेजारच्या धर्मप्रांतातले ऐकीव नियम सांगणारे फार भेटतात. अनेक जण या टप्प्यांना कागदी सोपस्कार समजतात आणि ओळखीने ते लवकर उरकता येतील का ते पाहतात. असे उरकून आलेले लोक मी पाहिले आहेत. पुढे संकट आले की त्यांच्याकडे स्वतःच्या आठवणीतल्या एका भावनेपलीकडे धरायला काही राहत नाही.

आता दीक्षा म्हणजे काय हे जरा उघड सांगतो. प्रवचन तुम्ही आजही करता, उपासना चालवता, मुलांना शिकवता. यांपैकी कशालाही आमच्यासारखी पांढरी गळपट्टी लागत नाही. प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीची) मेज मात्र दीक्षित पाळकाकडे असते, आणि बिशप पाठवतील तिथे बिऱ्हाड हलवण्याची तयारीही त्याच्याकडे असावी लागते. उरलेले काम मात्र कोणी तुम्हाला आधी सांगत नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीत मंडळीच्या पेटीचा भाता फाटला. तो दुरुस्त करावा की कीबोर्ड घ्यावा यावर दोन तट पडले, आणि तो वाद आठ महिने चालला. त्या आठ महिन्यांत एका तटाचे लोक दुसऱ्या तटाच्या घरच्या अंत्यविधीला आले नाहीत. प्रवचन आठवड्यातून वीस मिनिटांचे असते. उरलेला आठवडा या भात्याचा असतो.

म्हणून माझी सूचना अशी की पुढचे सहा महिने तुम्ही प्रवचन करू नये. पाळकसाहेबांना सांगून त्यांच्याबरोबर रुग्णभेटीला जावे, कमिटीच्या सभेचे इतिवृत्त लिहावे, ज्या घरातले लोक वर्षानुवर्षे मंदिरात येत नाहीत त्या घरी जाऊन नुसते बसावे, आणि एखादा अंत्यविधी असेल तर कबर खणण्यापासून शेवटच्या माणसाला घरी सोडेपर्यंत थांबावे. कौतुकाची धुंदी असेल तर ती या कामात टिकत नाही. सहा महिन्यांनंतरही ओढ तशीच राहिली तर कमिटीकडे अर्ज करावा.

अर्ध्या वाटेवरून परतलेला

आदरणीय पाळकसाहेबांच्या सूचनेशी मी सहमत आहे, पण त्यांच्या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती मला खटकते. मी सेमिनरीत दोन वर्षे काढून परत आलो, आज एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतो. परत आलो तेव्हा घरच्यांनी तोंड लपवले, जणू मी परीक्षेत नापास झालो होतो. वास्तविक सेमिनरीनेच मला शिकवले की माझे काम तिथे नाही. पाचारण तपासायला गेलेल्या माणसाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले तर तेही उत्तरच आहे, हे आपल्या मंडळ्यांना का पटत नाही?

आपल्याकडे जो चार माणसांत बरा बोलतो त्याला लगेच ‘पाळक हो’ म्हणतात. सरकारी खात्यात चांगल्या कारकुनाला बढती देतात तशी आपण दीक्षेची शिफारस करतो. यामागची समजूत अशी की देवाची खरी सेवा वेदीपाशी होते आणि बाकीचे सगळे पोटापाण्याचे. मार्टिन ल्यूथरने 1520 साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिले तेव्हा त्याचा रोख नेमका या समजुतीवर होता. बाप्तिस्म्याने सर्वच ख्रिस्ती याजक होतात, आणि चांभार, लोहार, शेतकरी यांना आपापल्या हातातले काम हीच सेवा म्हणून दिलेली असते, असे त्याचे म्हणणे होते. प्रेषित पौल तंबू शिवत असे. मराठीचे व्याकरण 1805 साली छापणारे विल्यम केरी इंग्लंडात जोडे शिवत होते आणि बंगालमध्ये आल्यावर काही वर्षे त्यांनी निळीच्या कारखान्याची देखरेख केली. जुन्या करारातला आमोस तर स्पष्टच म्हणाला की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी गुराखी आहे.

मूळ प्रश्नकर्त्या बंधूंनी स्वतःचेच लिहिलेले पुन्हा वाचावे अशी विनंती आहे. त्या दिवशी लोकांच्या काळजाला जे लागले ते त्यांच्या वक्तृत्वामुळे लागले नाही. त्यांनी नोंदवहीतली एक खोटी खेप खोडली होती म्हणून लागले. टंचाईच्या निकषाप्रमाणे माणशी दिवसाला वीस लिटर पाणी द्यायचे आणि ते खरोखर पोहोचले की नाही हे पाहणारा माणूस प्रामाणिक असायचा, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात किती घरांचा उन्हाळा बदलते हे मी सांगायला नको. ते उठून सेमिनरीत गेले तर त्या खुर्चीवर कोण येईल? आणि त्यांच्याजवळ पाचव्या उद्गारावर बोलण्यासारखे पुढच्या वर्षी काय उरेल?

नारायण वामन टिळकांचे नाव आपण सारे अभिमानाने घेतो. ते रेव्हरंड होते, तरीही 1917 साली त्यांनी मिशनचे काम आणि पगार सोडला व साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. मिशनने ठरवून दिलेली चौकट त्यांना पुरेना. दीक्षा ही पायऱ्यांमधली सर्वात वरची पायरी असती तर त्यांना तिथून निघावेसे का वाटले असते?

अभ्यासाची भूक असेल तर नोकरी न सोडताही ती भागते. सेरामपूरच्या सिनेटतर्फे (हे बंगालमधले, 1818 सालच्या महाविद्यालयाचे सेरामपूर, आपले नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, माझ्या वडिलांचा हा घोटाळा शेवटपर्यंत होत होता) दीक्षा न घेणाऱ्यांसाठी घरी राहून करता येणारा ख्रिस्ती अभ्यासाचा डिप्लोमा आणि त्यापुढची पदवी आहे. माझ्यासारख्या परतलेल्यांनाही तो चालतो.

डीकनताई

मी स्वतः दीक्षेच्या वाटेवर आहे, त्यामुळे फक्त एका वाक्याबद्दल लिहिते. ‘तुम्ही ठरवा’ हे वाक्य.

आपल्या मंडळ्यांत पाळकाची नेमणूक एकाची होते आणि काम दोघांकडून अपेक्षिले जाते. पाळकीणबाईंनी महिला संघ चालवावा, पाहुण्यांचे चहापाणी पाहावे, नाताळच्या नाटिकेचे कपडे शिवावेत आणि पार्सनेजचे (पाळकाच्या घराचे) दार कोणत्याही वेळी उघडावे, आणि या सगळ्याचा पगार शून्य असतो. तुमच्या पत्नीची स्वतःची नोकरी आहे. दर काही वर्षांनी बदली झाली तर खासगी शाळेतील शिक्षिकेला प्रत्येक गावी नवी नोकरी कोण देणार आहे? कदाचित त्या याचाच हिशेब मनात करत असतील आणि ‘देवाच्या कामात आडकाठी आणणारी’ असे कोणी म्हणू नये म्हणून गप्प असतील. तुम्ही पाचारण सांगितलेत की त्यांच्याजवळ बोलायला काही उरत नाही, कारण देवाशी वाद कोण घालणार?

वरच्या बंधूंनी टिळकांचे उदाहरण दिले, पण त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या निर्णयात कुठेच नव्हत्या. त्यांच्या वाट्याला आलेली ताटातूट, नातेवाइकांच्या घरचे दिवस आणि लोकांचे बोलणे त्यांनीच पुढे लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी स्वतः 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत त्या ठिकाणी पोहोचून. टिळकांचे पाचारण खरे होते यात मला शंका नाही. पण ते खरे असल्यामुळे लक्ष्मीबाईंची ती वर्षे हलकी झाली नाहीत.

तुमच्या पत्नीला ‘मी काय करू?’ असे विचारू नका. ‘तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

उत्तर वसईची धर्मशिक्षिका

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडचे सोपस्कार वेगळे आहेत; आमच्या लॅटिन विधीतले धर्मगुरू अविवाहित असतात आणि त्यामुळे डीकनताईंनी मांडलेला प्रश्न आमच्या फादरांना सहसा पडत नाही. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर विवाहित पुरुषांसाठी स्थायी उपयाजकपद (कायमचे डीकनपद) पुन्हा सुरू झाले, मुंबई महाधर्मप्रांतात असे उपयाजक आहेतही, आणि त्यासंबंधीच्या धर्मसंहितेत दोन अटी आहेत ज्या इथे सांगाव्याशा वाटतात: उमेदवाराने पस्तिशी पूर्ण केलेली असावी आणि पत्नीची संमती असावी. मौन चालत नाही, संमतीचा दाखला फाइलला लावावा लागतो. नियम करणाऱ्या अविवाहित पुरुषांना हे सुचले याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

कार्यालयाचा उबग आणि सेमिनरीची ओढ यांची गल्लत होते आहे का, या तुमच्या शंकेवर जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची एक जुनी युक्ती सांगते. 1521 साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडून तो लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळला होता. त्याला शूर सरदारांच्या कथा वाचायच्या होत्या, घरात होते ते ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र. दिवसभर तो दोन्ही प्रकारची स्वप्ने रंगवीत असे. राजस्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याचे स्वप्न पाहताना त्याला मजा वाटे, पण ते संपले की मन कोरडे पडे. संतांसारखे अनवाणी चालण्याचे स्वप्न संपल्यावरही मात्र मन प्रसन्न राही. त्याने ‘पाहताना कसे वाटते’ याऐवजी ‘संपल्यावर काय उरते’ ते पाहायला सुरुवात केली. तुम्हीही काही आठवडे हे लिहून पाहा: स्वतःला पाळक म्हणून कल्पिल्यावर, आणि तसेच त्याच खुर्चीत निवृत्तीपर्यंत प्रामाणिकपणे बसलेला असा कल्पिल्यावर, तासाभराने मन कुठे असते. त्याचा दुसरा नियमही उपयोगी आहे. मन कोरडे, उदास असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये. टंचाईचे आराखडे आणि मार्चअखेर यांच्या धबडग्यात राजीनामा लिहू नये, एवढाच त्याचा अर्थ तुमच्यापुरता घ्यावा.

निवृत्त पाळक

प्रयोगशाळेतील बंधूंनी माझे कान उपटले ते योग्यच झाले. दीक्षेला बढती समजण्याचा दोष मी कमिटीत बसून स्वतःही केलेला आहे. परंतु त्यांच्या युक्तिवादाची दुसरी बाजू सांगणे भाग आहे. ‘माझी नोकरी हीच सेवा’ हे वाक्य खरे असूनही आडोसा म्हणून वापरता येते. माझ्याकडे शेवटी सहा गावांच्या मंडळ्या होत्या. पावसाळ्यात ओढा भरला की त्यांतील दोन गावांना तीन-तीन महिने प्रभुभोजन मिळत नसे. तिथले वडीलधारे प्रार्थना चालवत, प्रवचन वाचून दाखवत, कोणाचे काही अडत नसे असे वरवर दिसे. पण ओढा उतरल्यावर मी गेलो की एक म्हातारे गृहस्थ भाकर घेताना दोन्ही हात एवढे घट्ट धरून ठेवीत की मला पुढे सरकता येत नसे. प्रामाणिक कारकुनांची गरज आहेच. त्या मेजेपाशी उभे राहणाऱ्यांचीही आहे, आणि ते आकाशातून पडत नाहीत, कोणत्या तरी खुर्चीवरूनच उठून येतात. मिलान शहरात 374 साली बिशपच्या निवडीवरून दंगल होऊ नये म्हणून बंदोबस्ताला गेलेला अँब्रोज हा सरकारी अधिकारीच होता. लोकांनी त्याच्याच नावाचा घोष केला, तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याने पळून जाण्याचाही प्रयत्न केला म्हणतात.

तुम्ही अँब्रोज आहात असे मी म्हणत नाही. आजींचे वाक्य मात्र पूर्णपणे कौतुकाच्या खात्यात टाकू नका. शक्य असेल तर त्यांनाच जाऊन विचारा की त्यांना काय दिसले.

टंचाई शाखा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात दोन गोष्टी केल्या.

आजींकडे गेलो. त्यांना माझे प्रवचन आठवत नव्हते. त्या म्हणाल्या की त्यांचे यजमान वारले त्या रात्री मी दवाखान्यातून रुग्णवाहिका मिळवून दिली होती आणि पहाटेपर्यंत कागदपत्रांसाठी थांबलो होतो, म्हणून त्यांना तसे वाटले. ही गोष्ट मीच विसरलो होतो.

पत्नीला डीकनताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. पहिल्या दिवशी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरता भरता म्हणाली की बदल्यांची भीती आहे, पण त्याहून मोठी भीती ही की सगळ्या मंडळीचे ऐकून घेणारा माणूस घरी आल्यावर ऐकायला उरणार नाही. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि मी ते बनवून दिले नाही. त्यानंतर मात्र ती या विषयावर आपणहून बोलू लागली आहे.

सहा महिने प्रवचन न करण्याचे पाळकसाहेबांना सांगितले. ते हसले आणि रुग्णभेटीची यादी माझ्या हातात दिली. सध्या बुधवार आणि शनिवारी संध्याकाळी जातो. नाताळ झाल्यावर, पास्टरेट कमिटीची पहिली सभा होईल तेव्हा, अर्ज करायचा की नाही ते आम्ही दोघे मिळून ठरवू. तोपर्यंत सेरामपूरच्या त्या डिप्लोमाचा अभ्यास सुरू करण्याचा विचार आहे. प्रयोगशाळेतील बंधूंना विचारायचे होते की पहिल्या वर्षाची पुस्तके जुनी मिळतील का, आणि जुन्या कराराच्या विषयाला मराठीत काही चांगले वाचायला सुचवाल का.

अर्ध्या वाटेवरून परतलेला

पुस्तके माझ्याकडेच माळ्यावर पडून आहेत. खासगी संदेशात पत्ता कळवा, एस.टी. पार्सलने पाठवतो. समासात पेन्सिलीने वाद घातलेला आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.